क्लारा शूमान शिकवायची कशी?

एका आईच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. अकरा वर्षांची मुलगी तीन वर्षं पियानो शिकतेय आणि सध्या जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमानचा ‘आनंदी शेतकरी’ बसवतेय. सरांनी तिला त्याची बायको आणि स्वतः नामवंत पियानोवादक असलेल्या क्लारा शूमानचं चरित्र वाचायला सांगितलं. आईने शोधाशोध केली तेव्हा एका ठिकाणी नवऱ्यासाठी आयुष्य वेचणारी पत्नी सापडली, दुसऱ्या ठिकाणी संगीतकार ब्राम्सबरोबरच्या प्रेमाच्या कहाण्या, आणि तिसऱ्या ठिकाणी बापाने तासन्‌तास बसवून घडवलेली बालकलाकार. खरा प्रश्न पत्राच्या शेवटी आहे: ही बाई स्वतः शिक्षिका म्हणून कशी होती, आणि तिच्या वडिलांसारखं आम्हीही मुलीला कडकपणे बसवायचं का?

ताई, मी पुण्यात सत्तावीस वर्षं पियानो शिकवते आणि दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी पालक मला हेच विचारतात. ‘तासन्‌तास’ हा शब्द आधी खोडून टाका. क्लाराच्या वडिलांबद्दल वाईट बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण लहान मुलीला दिवसभर पियानोला जुंपलं, हा आरोप त्यांच्यावर लागत नाही. वडिलांची शिकवणी रोज एक तास, तिचा स्वतःचा रियाज साधारण दोन तास, आणि मोकळ्या हवेत लांबवर चालणं सक्तीचं. पावसाळ्यातही चालायला न्यायचं म्हटलं तर आपल्याकडचे किती पालक तयार होतील, तुम्हीच सांगा.

क्लाराचा जन्म 13 सप्टेंबर 1819 चा, लाइपझिगचा. वडील फ्रीडरिश वीक. शिकले धर्मशास्त्र, पण पोट भरलं पियानो विकून, भाड्याने देऊन आणि शिकवून. आई मारियान ट्रॉमलिट्झ गायची, पियानोही वाजवायची. या संसारात काही राम नव्हता. क्लारा पाच वर्षांची होत असताना आई घर सोडून गेली आणि तेव्हाच्या सॅक्सनीच्या कायद्याप्रमाणे मुलीचा ताबा बापाकडे आला. ही पोर चार वर्षांची होऊन गेली तरी नीट बोलत नव्हती. ऐकू येत नसावं असंच घरच्यांना वाटायचं. पण सूर तिला ऐकू येत होते. वीकने सुरुवात केली ती तिथूनच.

आपल्या लोकांना हा भाग चटकन कळतो, म्हणून जरा थांबते. वीकने तिला पहिलं जवळजवळ एक वर्ष नोटेशन दाखवलंच नाही. तो वाजवून दाखवायचा, ती ऐकून वाजवायची. छोटे छोटे तुकडे, त्यांच्या कॉर्ड्स म्हणजे एकत्र वाजणारे सूर, मग तेच दुसऱ्या स्केलमध्ये. हात आणि कान जुळले, मग कागद पुढे आला. आपल्याकडे गाणं शिकायला बसलेलं मूल पहिल्या दिवशी वही उघडत नाही, तानपुऱ्याचा षड्ज ऐकतं. पियानोच्या क्लासला मात्र पहिल्याच आठवड्यात पाच रेघा आणि काळे ठिपके समोर येतात. मीही पहिली दहा वर्षं तसंच शिकवलं. परीक्षेची पुस्तकं तशीच असतात, आणि पालकांना ‘वाचता येतं’ हे दिसलं की फी वसूल झाल्यासारखं वाटतं.

पुढे तिला थिअरी, काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या चाली गुंफण्याचं तंत्र), व्हायोलिन, गायन असं सगळं लाइपझिग आणि ड्रेस्डेनमधल्या चांगल्या माणसांकडे शिकायला मिळालं. शाळा मात्र नावापुरती, जेमतेम दीडेक वर्षाची. 1828 च्या ऑक्टोबरमध्ये, नऊ वर्षांची असताना, लाइपझिगच्या गेवांडहाउस या सभागृहाच्या मंचावर दुसऱ्या कलाकाराच्या मैफलीत तिने चार हातांची एक रचना वाजवली. 1830 च्या नोव्हेंबरमध्ये त्याच सभागृहात तिची स्वतःची मैफल झाली. पुढच्या वर्षी वायमारमध्ये म्हाताऱ्या कवी गटेसमोर वाजवलं तेव्हा त्याने पियानोच्या बाकावर तिच्यासाठी उशी आणून ठेवली होती.

आता याच बापाची दुसरी बाजू. क्लाराची रोजनिशी सात वर्षांची असल्यापासून सुरू होते, पण लिहायचा बाप. तोही ‘मी’ म्हणून लिहायचा, जणू मुलगीच लिहितेय: ‘आज बाबा माझ्यावर रागावले.’ स्वतःच्या मुलीच्या तोंडी स्वतःबद्दलची वाक्यं घालणारा माणूस कसा असेल, याची कल्पना करा. तिच्या मैफलींची कमाई त्याच्या हातात असायची. आणि रॉबर्ट शूमान, जो 1830 पासून वीककडे शिकायला म्हणून त्यांच्याच घरात राहत होता, त्याने 1831 मध्ये आपल्या डायरीत एक प्रसंग लिहून ठेवलाय. क्लाराचा धाकटा भाऊ आल्विन व्हायोलिन नीट वाजवत नव्हता म्हणून वीकने त्याला खाली पाडलं, केस धरून ओढलं. मुलगा रडत विनवत होता, आणि अकरा वर्षांची क्लारा किंचित हसून पियानोवर बसली आणि संगीतकार वेबरची सोनाटा वाजवायला लागली.

तुम्ही विचारलंत ना, ‘कडक बसवायचं का’? मला तर तो प्रसंग वाचला की क्लाराच्या हसण्याची भीती वाटते. वाजवलं की सुटका, हे तिला त्या वयात पुरतं कळलं होतं.

लग्नाची गोष्ट सगळीकडे आहे, ती मी दोन वाक्यांत उरकते. वीकने कडाडून विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं, 1840 च्या ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली आणि 12 सप्टेंबरला, क्लारा एकवीस पूर्ण करायच्या आदल्या दिवशी, लाइपझिगजवळच्या शोनेफेल्डला लग्न लागलं. त्याआधीच व्हिएन्नात तिला दरबाराची अधिकृत कलाकार हा किताब मिळाला होता आणि तिच्या नावाचा केकही तिथे निघाला होता. म्हणजे लग्नाच्या वेळी प्रसिद्ध होती ती, रॉबर्ट नव्हे.

आठ मुलं झाली, त्यातला एक तान्हा असतानाच गेला. रॉबर्ट लिहीत असला की घरात पियानो बंद. भिंती पातळ होत्या. आपला हात मागे पडतोय, ही तिची तक्रार दोघांच्या सामाईक रोजनिशीत आहे. तरी ती वाजवत राहिली, 1844 मध्ये रशियाचा दौरा केला, पोटात मूल असतानाही मैफली केल्या. 1854 च्या फेब्रुवारीत रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याला वाचवलं आणि बॉनजवळच्या एंडेनिखच्या मनोरुग्णालयात ठेवलं. क्लारा तेव्हा गरोदर होती. मित्रांनी मदतनिधीची मैफल करू म्हटलं, तिने नको म्हटलं. काही दिवसांतच तिने शिकवण्या पुन्हा सुरू केल्या, आणि जूनमध्ये फेलिक्स जन्मल्यावर शरद ऋतूत दौऱ्यावर निघाली. 1856 च्या जुलैमध्ये रॉबर्ट गेला तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती आणि पदरात सात मुलं होती.

तिला ‘शूमानची विधवा’ म्हणतात तेव्हा मला राग येतो तो यासाठी. पुढची चाळीस वर्षं ते घर तिच्या दोन हातांवर चाललं. तिच्या मैफलींचे तेराशेच्या आसपास छापील कार्यक्रम आज जपलेले आहेत. एकट्या योसेफ योआखिमबरोबर, म्हणजे त्या काळच्या सर्वांत मोठ्या व्हायोलिनवादकाबरोबर, दोनशेहून जास्त. ब्राम्सबद्दल मी काही लिहीत नाही. त्या दोघांनी आपली बरीच पत्रं मुद्दाम नष्ट केली, तेव्हा आपणही दाराला कान लावू नये.

आता शिक्षिका. इथून पुढे मी ‘ती’ म्हणणार नाही, ‘बाई’ म्हणते, कारण फ्रँकफर्टला त्या खऱ्या अर्थाने बाई होत्या.

1878 मध्ये फ्रँकफर्टला योसेफ होख नावाच्या गृहस्थाच्या मृत्युपत्रातल्या पैशातून संगीत विद्यालय उघडलं, होख काँझर्वेटरी. संचालक योआखिम राफ. त्याला पियानोसाठी क्लारा शूमानच हव्या होत्या. बाईंनी अटी घातल्या: रोज दीड तासच शिकवीन, तेही माझ्या घरी, वर्षाला चार महिने सुट्टी, हिवाळ्यात छोटे दौरे करायची मोकळीक, आणि हाताखाली दोन मदतनीस. मदतनीस म्हणजे पोरीच, मारी आणि ऑयगेनी. राफने सगळं मान्य केलं. दुसऱ्या कोणा स्त्रीने नोकरीसाठी लिहिलं तेव्हा मात्र त्याने कळवलं की आमच्याकडे स्त्री अध्यापक नाही आणि असणार नाही; मादाम शूमान यांना मी पुरुषांतच धरतो. याला कौतुक म्हणायचं की काय, मला आजवर ठरवता आलेलं नाही.

साठीला टेकलेली बाई नोकरीच्या वाटाघाटी अशा करते, हे मी माझ्या हाताखालच्या तरुण शिक्षिकांना नेहमी सांगते. त्या एकेका विद्यार्थ्यामागे शहरभर स्कूटर फिरवतात आणि सुट्टीचा आठवडा मागायलाही लाजतात.

म्यूलिउस रस्त्यावरच्या त्या घरी विद्यार्थी यायचे जर्मनीतून, आणि इंग्लंडमधून तर रीघच. आल्या आल्या बाईंसमोर बसायला मिळेलच असं नव्हतं. बऱ्याच जणांना आधी लेकींच्या हाताखाली हात घडवून घ्यावा लागायचा. बाखच्या प्रेल्यूड-फ्यूग या रचना आणि चेर्नीचे बोटांचे अभ्यास हा रोजचा वरणभात. मग बेथोफन, शोपँ, आणि अर्थातच रॉबर्ट शूमान.

हाताची शिकवण जी होती ती बरीचशी वीकचीच. बोटं पियानोच्या पट्टीजवळ ठेवा. उंचावरून आपटू नका, पट्टी दाबा. मनगट सैल. ॲडेलिना दे लारा ही विद्यार्थिनी म्हातारपणीही हे सांगत होती. यातला भौतिकशास्त्राचा भाग सरळ आहे. पियानोत पट्टी दाबली की आत हातोडी उडते, तारेवर आदळते आणि लगेच मागे येते. एकदा उडाली की तुमचा तिच्यावर काही ताबा नाही. ती किती वेगाने उडाली, एवढंच तुमच्या हातात. बोट आधीच पट्टीला टेकलेलं असेल तर तो वेग कमी-जास्त करता येतो. दोन इंचांवरून आपटलं तर आवाज काय येईल ते नशिबावर, शिवाय लाकडावर बोट आदळल्याचा ‘टक्‌’ फुकट. ‘गाता सूर’ म्हणतात तो यातून निघतो. एक सूर दुसऱ्याहून किती हळू, किती मोठा, याचं मोजमाप बोटाला कळायला लागतं.

तुमच्या मुलीच्या ‘आनंदी शेतकऱ्या’त हीच परीक्षा आहे. चाल डाव्या हातात आहे. F ला सा धरलं तर पंचमापासून वर चढत जाते, गड्याने शेतातून परतताना गुणगुणावं तशी. उजवा हात फक्त मधल्या मोकळ्या जागी कॉर्डचे हलके टेके देतो. शंभरातली नव्वद मुलं ते टेके जोरात मारतात, कारण उजवा हात त्यांचा सरावाचा. मग शेतकरी मागे राहतो आणि बैलगाडीची चाकंच ऐकू येतात.

दुसरी गोष्ट घाईची. बाईंना झरझर पळणाऱ्या बोटांचं कौतुक नव्हतं. एखादा वेगवान तुकडा नुसता तुकडा म्हणून खडखडवला की त्या अडवायच्या. त्या तुकड्यातही चाल आहे, ती ऐकू आली पाहिजे. त्याच काळात वायमारला पियानोवादक-संगीतकार लिस्टच्या भोवती तरुण पियानोवादकांचा दरबार भरायचा. तिथे एक पैसाही फी नव्हती आणि दिलखुलास वातावरण होतं. फ्रँकफर्टला शिस्त होती, आणि रचनाकाराने कागदावर जे लिहिलंय त्याच्याशी इमान होतं. लिस्टच्या संगीताबद्दल बाईंचं मत त्या उभ्या आयुष्यात मवाळ झालं नाही. माझं विचाराल तर इथे त्या जरा एकांगी होत्या. लिस्टच्या शिष्यांत असे लोक निघाले की त्यांचं वाजवणं ऐकून वाद संपावा.

पण ‘लिहिलंय तसं वाजवा’ याचा त्यांच्या काळातला अर्थ आजच्या परीक्षकाला चालणार नाही, ही गंमत मला फार उशिरा कळली. बाईंच्या वाजवण्याचं ध्वनिमुद्रण नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांची आहेत. फॅनी डेव्हिस यांनी 1928 मध्ये शूमानचा पियानो आणि वाद्यवृंदासाठीचा कन्चेर्टो मुद्रित केला, दे लारा आणि इलोना आयबेनशुट्झ म्हातारपणी बोलल्या-वाजवल्या तेही उपलब्ध आहे. ऐका एकदा. डावा हात कधी किंचित आधी येतो, कॉर्ड हलकेच उलगडते, चाल श्वास घेते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, अहो, हे तर दोन्ही हात एकत्र पडत नाहीत! मग दोनदा-तीनदा ऐकल्यावर लक्षात आलं की ठेका कुठेही ढळलेला नाही. आपल्याकडे चांगला गायक लयीच्या मागेपुढे रेंगाळतो आणि समेवर बरोबर येतो, तसं काहीसं. माझ्या क्लासमध्ये मी हे मुलांना ऐकवते आणि वर बजावते की परीक्षेत असं करू नका.

वडिलांची मारझोड आणि रोजनिशीतला तो ‘मी’ बाईंनी पुढे नेला का? मारझोडीचं कुठे दिसत नाही. कडक होत्या. विद्यार्थी रडत बाहेर पडल्याच्या आठवणीही आहेत. स्वतःच्या मुलांच्या बाबतीत त्या दौऱ्यांमुळे पत्रांतूनच आई होत्या, मुलं बोर्डिंगमध्ये किंवा नातेवाइकांकडे. मोठी मारी मात्र जन्मभर आईजवळ राहिली, घर सांभाळलं आणि विद्यार्थ्यांचे हात घडवले. हे स्वखुशीने की दुसरा रस्ताच नव्हता म्हणून, हा प्रश्न मला पडतो. आणि इथे तुमच्या मुलीच्या पुस्तकाशी एक धागा जुळतो. 1848 च्या 1 सप्टेंबरला मारीला सात वर्षं पूर्ण झाली, तेव्हा वडिलांनी तिला वाजवायला काही छोट्या रचना लिहून भेट दिल्या. त्या वाढत वाढत त्रेचाळीस झाल्या, आणि ‘आनंदी शेतकरी’ ज्यात आहे तो मुलांसाठीचा संग्रह म्हणजे याच रचना. जिच्या वाढदिवसापासून तो सुरू झाला, तीच पुढे तीस-चाळीस वर्षांनी फ्रँकफर्टच्या त्या घरात नवशिक्यांना बोटं कशी ठेवायची ते दाखवत होती.

रियाजाच्या वेळेबद्दलही एक सांगायचंय. बाईंचे हात दुखायचे. 1874 च्या सुमाराला तर इतके की वर्षभर मैफली थांबल्या आणि कीलला डॉक्टर एस्मार्ख यांच्याकडे उपचार घ्यावे लागले. लहानपणी त्यांचे हात घडले ते व्हिएन्ना पद्धतीच्या हलक्या पट्ट्यांच्या पियानोवर, आणि उतारवयात समोर आले लोखंडी चौकटीचे जड पियानो. कारण तेच असेल असं मी म्हणत नाही, पण माझा संशय तिकडे जातो. सांगते कशासाठी, तर घरी कीबोर्ड आणि क्लासला जड ग्रँड असं असेल तर मुलीला तिच्या सरांनी थोडं थोडं करत वाढवू द्या. मी एकदा एका नऊ वर्षांच्या मुलाला परीक्षेच्या तोंडावर रोज दोन-दोन तास बोटांचे व्यायाम करायला लावले. मनगट दुखायला लागलं, त्याने कोणाला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. परीक्षेत उत्तम गुण मिळाले. त्यानंतर त्याने पियानोला हात लावला नाही.

बाईंनी 1891 च्या मार्चमध्ये शेवटची जाहीर मैफल केली आणि 1892 मध्ये विद्यालय सोडलं. तोपर्यंत ऐकूही नीट येईनासं झालं होतं. 20 मे 1896 ला फ्रँकफर्टमध्ये गेल्या. बॉनला रॉबर्टशेजारी त्यांना पुरलं. चार मुलांची मरणं त्यांनी हयातीत सोसली होती, एक मुलगा रुग्णालयात बंद होता. शिष्यांची वंशावळ मात्र लांब गेली. मॅटिल्डा व्हर्न यांनी लंडनमध्ये पियानोवादक सॉलोमनला घडवलं. कार्ल फ्रीडबर्ग अमेरिकेत जुलियार्डला शिकवायला गेले, आणि 1950 च्या उन्हाळ्यात त्यांच्यासमोर एक कृष्णवर्णीय मुलगी शिकायला बसली, जिला जग नंतर गायिका नीना सिमोन म्हणून ओळखू लागलं. जर्मनीने युरो येण्याआधीच्या शंभर मार्कांच्या नोटेवर क्लाराबाईंचा चेहरा छापला. नोटेच्या मागच्या बाजूला काय होतं? एक पियानो आणि त्यामागे होख काँझर्वेटरीची इमारत. नवरा कुठेच नाही.

तेव्हा तुमच्या मुलीपुरतं सांगायचं तर, वीककडून वेळापत्रक घ्या: पाऊण तास रियाज, वर्षभराने तास, आणि संध्याकाळी पर्वतीवर नाहीतर जवळच्या टेकडीवर. रोजनिशी तिची तिला लिहू द्या आणि वाचू नका. ‘शेतकरी’ बसवताना आधी आठवडाभर फक्त डावा हात, तोही आधी तोंडाने गाऊन. उजव्या हाताचे टेके तुम्ही स्वतः शेजारी बसून टेबलावर बोटाने द्या, म्हणजे ते किती हलके हवेत ते तिला कानाने कळेल. आठवड्याने डाव्या हाताचा व्हिडिओ काढून पाठवा. चेहरा नको, नुसतं मनगट दिसलं तरी पुरे.